टायर कडक का होतो?

मुलांनो, तुम्ही परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहला गेला आहात का? घाटातल्या वळणावर बसला रस्त्यावर धरून ठेवते ते टायरचे रबर.

१८३९ साली चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक मिसळून ते तापवले. तेव्हापासून रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होईनासे झाले. पण पुन्हा पुन्हा तापून थंड झाले, की तेही कडक होते. कडक टायर वरून चांगला दिसतो, पण घसरतो!

कार्ट नावाच्या छोट्या गाड्यांच्या शर्यती कोल्हापूरलाही झाल्या आहेत. शर्यतीच्या टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवतात. दोन शर्यतींच्या मध्ये टायर सावलीत, गुंडाळून ठेवणे चांगले. काही जण रसायन चोळून रबर मऊ करतात. ते कातडीला व श्वासाला अपायकारक असते, म्हणून पुष्कळ शर्यतींत त्याला बंदी आहे. आपल्याकडेही टायर काळाभोर दिसावा म्हणून रॉकेल पुसणारे आहेत. रॉकेलने रबर फुगते आणि कमजोर होते.

तुमच्या सायकलीचा टायर नखाने दाबून पाहा. मग उन्हात पडलेला जुना टायर दाबा. त्यात नख रुतणार नाही, बारीक भेगाही दिसतील. असा टायर लावून पावसात सेमाडोहचा घाट उतरू नका.