भाची निघाली मालदीवला

तारकर्लीत डाइव्हिंग शिकलीस, आता मालदीवच्या सफारी बोटीवर आठवडाभर राहणार. तिथे खाणं, झोपणं आणि दिवसाला तीन डाइव्ह, कधी रात्रीची चौथी, एवढंच काम. ऐक जरा, मग तुझ्या मनाचं कर.

१. बॅग कापडी, घडी होणारी ने — केबिनमध्ये टणक सुटकेस ठेवशील, तर तू कुठे झोपशील? कपडेही निम्मेच घे, चपला तर चढल्या चढल्या टोपलीत जातात.

२. मामी चकल्यांचा डबा देईल, तो मुकाट्याने घे. दारूची बाटली मात्र नको — त्या देशात ती नेता येत नाही, आणि बोटीवर विकत मिळते.

३. मळमळीची गोळी बोट हलण्याआधी तासभर घे — उलटी सुरू झाली की गोळीही बाहेरच येते. घरी एकदा घेऊन बघ, काहींना तिने डोळे उघडवत नाहीत.

४. पहिल्या संध्याकाळी केबिनपासून बाहेर पडायचा दुसरा रस्ता स्वतः चालून बघ, आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या जागेपणीच चार्ज कर. 2019 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्हिंग बोटीला पहाटे आग लागली आणि खाली झोपलेले 34 जण गेले. आग कशाने लागली ते नक्की ठरलं नाही, पण रात्री कोणी पहाऱ्यावर नव्हतं, हे ठरलं. म्हणून रात्री कोण जागं असतं, हे बेधडक विचार — लाजेने विचारलं नाही, तर झोपेत कोण सांगणार?

५. सिलिंडर आणि कॉम्प्रेसर धोनी नावाच्या वेगळ्या होडीवर असतात, डाइव्हला तिच्यातूनच जायचं. मास्क आणि कॉम्प्युटर एकाच पिशवीत ठेव — धोनी सुटल्यावर आठवलेलं विसरल्यातच जमा.

६. सिग्नलचा फुगा तुझ्या स्वतःच्या खिशात हवा, आणि तो पाण्याखालून सोडायची सवय आधीच कर. तिथल्या ‘कांडू’त, म्हणजे प्रवाळबेटांमधल्या खाडीत, ओढ जबर असते — तू वर येशील तिथे धोनी नसेल, लाटांमध्ये नुसतं डोकं दिसत नाही, फुगा दिसतो.

७. 30 मीटरच्या खाली जायचं नाही, तिथला नियमच आहे. तुझा परवाना 18 चा असेल तर पुढचा कोर्स निघण्याआधी कर — ब्रीफिंगला मागच्या बाकावर बसून हसणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

८. नायट्रॉक्स शिकून जा — एवढ्या डाइव्ह रोज केल्या की अंगात नायट्रोजन साचत जातो, आणि या हवेत तो कमी असतो. पण सिलिंडरमधला ऑक्सिजन स्वतः मोज, दुसऱ्याच्या आकड्यावर सही करू नकोस.

९. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान दुखेल, नाक चोंदेल, किंवा नुसतं नको वाटेल. त्या दिवशी खुशाल वर बस. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नकोस — खाली असताना तिचा असर संपला, तर वर येताना अडकलेली हवा कान फोडते. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक डाइव्ह करायचीच, हा हिशेब मला कधीच पटला नाही. कान दोन, डाइव्ह ढीगभर.

१०. हनिफारूला गेलात तर मांटा बघायला फक्त स्नॉर्कल, सिलिंडर चालत नाही. हिरमुसू नकोस — खाऊ वरच तरंगत असला की मांटाही वरच येतात.

११. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नाही, मी तर पूर्ण दिवस धरतो — साचलेला नायट्रोजन उंचावर गेलं की बुडबुड्यांनी बाहेर येतो, आणि सांधे धरतात ते साधेच दुखतील असं नाही. स्वस्त तिकीट नेमकं त्याच संध्याकाळचं मिळतं, म्हणून तिकीट काढण्याआधी बोटीची शेवटची डाइव्ह किती वाजता ते विचार, आणि मला फोन कर.