जुन्या मोटारीचे भाग साफ करण्याविषयी



घरातील जुन्या प्रीमियर पद्मिनीचे सुटे भाग घरीच साफ करण्याचा चिरंजीव भाच्याचा मनोदय कळला. दाबाखालील हवेच्या झोताने कठीण कण आदळवून गंज, रंग व काजळी काढण्याच्या या रीतीला सर्रास सँडब्लास्टिंग म्हणत असले, तरी तिच्यात वाळू मुळीच वापरू नये. कारण वाळूतील स्फटिकी सिलिका आदळताच फुटते, तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या सफाईसाठी असा वापर १९४९ च्या नियमांनीच बंद केला. नाकाला रुमाल बांधून हे काम उरकणारे कारागीर पाहण्यात येतात. त्यांचे अनुकरण करू नये. कण कोणताही असो, काम हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत व्हावे आणि बारीक धूळ अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मुखवटा वापरावा.

कण निवडताना तो किती वेगाने घासतो याहून, तो भागात अडकून राहिला तर काय होईल, हा प्रश्न आधी विचारावा. काचेचे सूक्ष्म मणी ४० ते ५० पीएसआय, म्हणजे बेताच्या, दाबाने मारले असता ॲल्युमिनियमला मंद, एकसारखी झळाळी येते, म्हणून कार्ब्युरेटरसाठी त्यांचाच मोह पडतो. परंतु त्याच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकलेला मणी पेट्रोलची वाट अडवतो, आणि इंजिनाच्या तेलवाहिनीत राहिलेला मणी तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचून ती ओरबाडतो. अशा भागांना खाण्याच्या सोड्याचे कण मारावेत, कारण ते मऊ असतात व गरम पाण्यात विरघळून निघून जातात. मात्र सोडा गंज काढत नाही, आणि त्याचा अल्कधर्मी अंश धुतला गेला नाही तर वर दिलेला रंग धरत नाही. तेलवाहिन्या असलेला भाग मण्यांनी साफ करण्यापेक्षा काळा राहिलेला बरा.

पोलादी ब्रॅकेट, सस्पेन्शनचे हात यांसारख्या जाड, गंजलेल्या भागांना गार्नेट हे खनिज किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड चालते. मोह्‌स मापनावर, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या १ ते १० च्या क्रमात, गार्नेट ७ च्या आसपास व ऑक्साइड ९ वर येते, आणि दोन्ही पृष्ठभाग किंचित खरबरीत करत असल्याने प्रायमर पक्का बसतो. बॉनेटसारखा पातळ पत्रा मात्र यापासून दूर ठेवावा. तो तापून वाकतो असे गॅरेजात सांगितले जाते, पण मुख्य कारण वेगळे आहे: कणांच्या सततच्या ठोक्यांनी एकाच बाजूचा थर ताणला जातो आणि पत्रा फुगतो. तेथे रंग उतरवण्याचे रसायनच बरे.

आता कॉम्प्रेसरचा हिशेब, कारण उत्साह बहुधा येथेच विरतो. एक अष्टमांश इंच छिद्राच्या नोझलला ८० पीएसआय दाबावर मिनिटाला सुमारे १७ घनफूट हवा लागते, आणि २ अश्वशक्तीचा घरगुती कॉम्प्रेसर त्याच्या निम्मी हवासुद्धा जेमतेम देतो. त्यामुळे टाकी काही क्षणांतच रिकामी होते आणि कामापेक्षा वाट पाहण्यातच वेळ जातो. छिद्र लहान घ्यावे, भाग लहान निवडावेत, आणि चेसिससारखी मोठी वस्तू व्यावसायिक कारखान्यात द्यावी. त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात हवेतील ओल नळीत पाणी होऊन उतरते व कण गोळा होऊन नोझल तुंबते, म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर वाटेत बसवावा. उघडे पडलेले पोलाद त्या दिवसांत काही तासांतच तांबूस होते. त्याच दिवशी प्रायमर द्यावा.

पेटीत जाण्यापूर्वी प्रत्येक भाग केरोसीनने व नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, कारण ग्रीसने माखलेले कण पुन्हा वापरता येत नाहीत, आणि आटे व बेअरिंगच्या जागा रबरी बुचांनी बंद कराव्यात. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ते भाग पेटीत घालू नयेत, त्यांच्यावर हवाही मारू नये. ओल्या फडक्याने पुसून तो फडका पिशवीत बंद करून टाकावा.