अभ्यासपाठ : आकाशात आणखी कोणी आहे का?



‘दुसऱ्या ग्रहावर जीव सापडले’ असा संदेश बऱ्याच जणांनी आम्हाला पाठवला आणि यात खरं किती, असं विचारलं. म्हणून आजचा पाठ त्यावरच घेतो आहोत.

संदेशातला ग्रह खरा आहे. नाव के२-१८बी, सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षं दूर. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे, काळाचं नव्हे. इथे पुष्कळांची गल्लत होते. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. म्हणजे सकाळी अर्घ्य देताना दिसतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा! त्याच हिशेबाने या ग्रहाकडून आज पोचलेला उजेड निघाला तेव्हा टिळक ‘केसरी’ चालवत होते.

मग इतक्या लांबून जीव कळणार कसे? ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू ठरावीक रंग शोषून घेतो. कोणते रंग फिके पडले ते पाहून हवेत काय आहे ते ओळखायचं. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला असा प्रकाश तपासून केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की तिथे डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळच्या एका वायूच्या खुणा दिसतात. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो.

बातमी इथवर बरोबर. पण हाच वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे, म्हणजे तो जिवांवाचूनही बनतो. शिवाय दुसऱ्या गटांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांना खूण पुरेशी पक्की वाटली नाही. तेव्हा ‘जीव सापडले’ हे वाक्य आम्ही पुढे पाठवणार नाही, आपणही पाठवू नये. ‘शोध चालू आहे’ एवढंच म्हणावं.

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय, कोणी असेल तर ते आपल्याशी बोलत का नाहीत? प्रश्न फार छान आहे. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं, आणि आपलं रेडिओ प्रसारण सुरू होऊन झाली जेमतेम शंभर वर्षं. अंगणात ५ मीटर व्यासाची रांगोळी काढली आणि तिला आकाशगंगा मानलं, तर आपले रेडिओ-टीव्हीचे संकेत पोचले आहेत तो भाग १ सेंटीमीटरचा ठिपका! ठिपक्याबाहेर कोणी असलं, तरी आपला आवाज अजून त्यांच्या कानी गेलेलाच नाही.

मुद्दाम हाक मारूनही झाली आहे. १९७४ मध्ये पोर्टो रिकोमधल्या अरेसिबो दुर्बिणीवरून एम१३ या तारकागुच्छाकडे एक रेडिओ संदेश धाडला. तो गुच्छ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. कोणी लगेच उत्तर दिलं, तरी ते इथे यायला एकूण ५० हजार वर्षं लागतील. त्यातली पन्नासेक सरली.