दानीएलाचे ताट आणि त्याचे तीन सोबती

(शास्त्रपाठ : दानीएल १:३-१६, १ तीमथ्य ४:७-८, इब्री १०:२४-२५)



भाषांतराचे काम हे बैठे काम आहे. सकाळी मेजाशी बसावे, एका बाजूस मूळ भाषेतील शास्त्र, दुसऱ्या बाजूस शब्दकोश, मध्ये चहाचा पेला. दुपार केव्हा झाली ते कळत नाही. आमच्या समितीत माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील असे एक सहकारी होते. इब्री लिपीत अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके व रेघा देऊन स्वर दाखवितात, हे आपणांपैकी काहींस ठाऊक असेल. एके दिवशी त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकविले आणि म्हणाले, "ही ओळ वाच. ठिपके आज मला दिसत नाहीत." अनेक वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी केल्या होत्या. उपचार झाले, परंतु स्वतःच्या डोळ्यांनी इब्री वाचणे त्यांस पुन्हा साधले नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१६ साली, माझेही रक्त तपासले गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, तिचा आकडा ८.२ आला. साडेसहा किंवा त्याहून अधिक असल्यास मधुमेह मानतात.

डॉक्टरांनी आहाराविषयी व चालण्याविषयी जे सांगितले त्यात मला नवे असे काहीच नव्हते. ज्ञान होते, भीतीही होती. तरी मी तीनदा आरंभ केला आणि तीनदा सोडून दिला. पहिल्या खेपेस एकोणीस दिवस टिकलो, मग पाऊस आला आणि पावसाचे निमित्त मला पुरले. त्या दिवसांत दानीएलाचा पहिला अध्याय तपासणीसाठी माझ्या मेजावर आला. त्याचा अभ्यास आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रसंग परिचयाचा आहे. इ.स.पू. सहाशे पाचच्या सुमारास यहूदातील काही कुलीन तरुण बाबेलास नेण्यात आले. राजवाड्यात तीन वर्षांचे शिक्षण, नवी भाषा, नवी नावे, आणि राजाच्या मेजावरील मिष्टान्ने व द्राक्षारस. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या या चौघांनी ते अन्न नाकारून शाकाहार व पाणी मागितले.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अलीकडे या अध्यायावरून निरनिराळे आहारक्रम बेतले जातात. कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक मंडळीने २०११ साली दानीएलाच्या नावानेच एक योजना सुरू केली. त्या योजनेची निंदा मला करावयाची नाही. तिच्यात लहान गटांवर भर होता आणि तो योग्यच होता. परंतु मूळ उताऱ्याचा विषय वजन हा नाही. चौघांचा प्रश्न विटाळाचा, म्हणजे निष्ठेचा होता. शिवाय पंधराव्या वचनाचा शब्दार्थ पाहिला तर दहा दिवसांनंतर ते चौघे इतरांहून बारीक नव्हे, उलट अंगाने भरलेले दिसू लागले! आणि दहाव्या अध्यायात वृद्ध दानीएल तीन आठवडे मांस व द्राक्षारस वर्ज्य करतो. यावरून एरवी तो ते घेत असावा असे दिसते. तेव्हा या अध्यायातून पथ्याचा तक्ता काढू नये. निश्चय कसा टिकतो, हे मात्र त्यातून शिकता येते.

आठव्या वचनात दानीएलाच्या निश्चयासाठी जो इब्री वाक्प्रचार आहे त्याचा शब्दशः अर्थ 'अंतःकरणावर ठेवले' असा होतो. मराठीत आपण 'मनावर घेतले' म्हणतो. भाषांतरकारास असा आयता जोड क्वचितच लाभतो. मनावर घेणे हे एकट्याचेच काम आहे, आणि वचनही तेथे एकवचनी आहे. परंतु बाराव्या वचनाशी येताच क्रियापद पालटते. 'मला' जाऊन 'आम्हांला' येते. मधल्या काळात दानीएल आपल्या सोबत्यांशी काय बोलला ते शास्त्र सांगत नाही. एवढे खरे की प्रयोग सुरू झाला तेव्हा चौघे होते.

खोजांच्या सरदाराने भीती व्यक्त केली तेव्हा दानीएलाने वाद घातला नाही; खालच्या कारभाऱ्याकडे जाऊन दहा दिवसांची मुदत मागितली. जन्मभराचे व्रत त्याने मागितले नाही. दहा दिवस पाहा, आणि मग आपण ठरवा, एवढेच. ज्यांनी माझ्याप्रमाणे एक जानेवारीस वर्षभराचे संकल्प सोडले असतील त्यांनी या दहा दिवसांचा विचार करावा.

सोळाव्या वचनाकडे तर माझे लक्ष पूर्वी कधी गेलेच नव्हते. कारभारी ते राजान्न काढून घेत असे, असे तेथे आहे. मूळ रचना एकदा केलेल्या कृतीची नसून वारंवार चाललेल्या कृतीची आहे. म्हणजे चौघांनी तीन वर्षे समोर वाढलेल्या पक्वान्नांकडे पाहत दात आवळून बसावे, असे घडलेच नाही. ताट वाढणाऱ्याने ताटच पालटले होते. आपल्या घरांत हा कारभारी बहुधा घरची गृहिणी असते, आणि तिला न विचारता केलेला पुरुषांचा निश्चय आठवडाभरही चालत नाही. मी प्रथम पत्नीस "माझ्यासाठी वेगळे कर" असे सांगितले होते. तिने शांतपणे विचारले, "दोन स्वयंपाक कोण करणार?" त्यानंतर सर्वांसाठी एकच स्वयंपाक ठरला: ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मुगाची वा मटकीची उसळ, एक पालेभाजी, ताक, आणि भात एक लहान वाटी. दानीएलाने जे मागितले त्यासाठी असलेला इब्री शब्द 'पेरणे' या धातूपासून आला आहे. त्यात भाजीपाल्याबरोबर कडधान्ये व धान्येही येऊ शकतात. उसळ-भाकरी त्या शब्दाच्या बाहेर नाही, असे मी विनोदाने म्हणत असतो.

आता व्यायामाकडे वळू. आपल्यातील काही भाविकांचा असा समज आहे की पौलाने तीमथ्यास लिहिताना शारीरिक कसरतीस तुच्छ लेखले. पौल तेथे तुलना करीत आहे. सुभक्तीचा लाभ या व येणाऱ्या अशा दोन्ही जीवनांस पुरतो. शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा असतो. थोडा म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. करिंथकरांस लिहिताना तर तो धावणाऱ्याचे व मुष्टियोद्ध्याचे उदाहरण घेतो. करिंथाजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे सामने होत, त्यामुळे त्या वाचकांस ते चित्र डोळ्यांपुढचे होते. आपल्या देशातही या बाबतीत ख्रिस्ती कार्याचा इतिहास आहे. १९२० साली मद्रासेत हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय उभारले. तेथून तयार झालेले शिक्षक पुढे देशभर गेले. तरी मंडळीत फिरावयास जाणाऱ्यास रिकामटेकडा समजण्याची वृत्ती मी पाहिली आहे.

परिस्थिती गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रमाण सर्वांत अधिक गोव्यात आढळले, शेकडा २६.४. उंबरठ्यावरच्यांस मात्र आशा आहे. अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन शेकडा सात घटविणे आणि आठवड्यास १५० मिनिटे चालणे, या ध्येयाने ज्यांनी प्रयत्न केला त्यांच्यात नव्या मधुमेहाचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. औषध घेणाऱ्यांत ते ३१ ने घटले. चेन्नईतील ५३१ व्यक्तींच्या अभ्यासात, २००६ साली, राहणी सुधारणाऱ्यांत ही घट शेकडा २८.५ आढळली. दोन्ही ठिकाणी लोकांस नुसते पत्रक देऊन घरी पाठविले नव्हते. कोणीतरी वारंवार त्यांची विचारपूस करीत होते. पुढे इंडियानापोलिस येथील वायएमसीएत हाच पाठ गटाने शिकवून पाहिला, तेव्हा खर्च कमी होऊनही वजनात चांगली घट दिसली.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील १०:२४ या वचनात एकमेकांना सत्कर्मांसाठी उत्तेजन देण्याविषयी सांगितले आहे. 'उत्तेजन' हा शब्द सौम्य आहे. मूळ ग्रीक 'पारॉक्सिस्मॉस' अधिक झोंबणारा आहे. वैद्यकात तो तापाच्या उसळीसाठी वापरीत, आणि प्रेषितांची कृत्ये १५:३९ येथे पौल व बर्णबा यांच्यातील तीव्र मतभेदासाठी तोच आला आहे. एकमेकांना टोचणी द्या, असा काहीसा भाव. मला ही टोचणी २०१७ च्या पावसाळ्यात लागली. मंडळीतील एक निवृत्त रेल्वे गार्ड, ज्यांना सर्व जण काका म्हणतात, मला म्हणाले, "भाऊ, उद्यापासून साडेपाचला मी तुमच्या फाटकाशी उभा राहीन. हाक मारणार नाही, नुसता उभा राहीन." छत्री घेऊन वडीलधारा माणूस पावसात आपल्या फाटकाशी उभा आहे हे ठाऊक असताना अंथरुणात पडून राहणे मला जमले नाही.

डिसेंबरपर्यंत आम्ही अकरा जण झालो. तेव्हा मला एक कल्पना सुचली आणि ती वाईट होती. उपासनेनंतर सभागृहात वजनाचा काटा ठेवावयाचा आणि प्रत्येकाचे वजन भिंतीवरील तक्त्यावर लिहावयाचे. चार आठवडे सर्वांस मौज वाटली. नाताळानंतर एका भगिनीचे वजन दोन किलोंनी वाढले, कोणीतरी थट्टेने काही बोलले, आणि पुढील तीन रविवार ती उपासनेसच आली नाही. माझी पत्नी भेटावयास गेली तेव्हा कळले की सांध्यांच्या विकारासाठी तिला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी वजन वाढते. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि तक्ता फाडला. ती उपासनेस परत आली. आमच्या गटात मात्र पुन्हा कधी आली नाही. त्या वचनातील पहिले क्रियापद मी वगळले होते. टोचणीच्या आधी तेथे 'एकमेकांकडे लक्ष देणे' आहे, आणि ग्रीकमध्ये ते नीट न्याहाळणे, समजून घेणे अशा अर्थाचे आहे. ज्याला आपण समजून घेतलेले नाही त्याला दिलेली टोचणी म्हणजे नुसता बोचरा शब्द.

त्यानंतर आम्ही दोघादोघांच्या जोड्या केल्या. प्रत्येकाने आपली एकच गोष्ट निवडावयाची: कोणी रात्रीचा भात, कोणी चहातील साखर, कोणी लिफ्ट. मुदत दहा दिवस, दानीएलाप्रमाणे. दर बुधवारी जोडीदाराने फोन करावयाचा. वजन किती हे विचारावयाचे नाही; "चाललात का? काय अडचण आली?" एवढेच. गोष्ट टिकली तर पुढील दहा दिवस तीच. न टिकली तर लहान करावयाची. माझा जोडीदार तरुण संघातील एक मुलगा होता, आणि त्याची अडचण माझ्याहून अवघड निघाली, कारण त्याची नोकरी रात्रपाळीची होती. त्याने शेवटी कामावर जाताना घरून भाजलेले चणे व फळ नेण्यास आरंभ केला.

महिला संघाने उपासनेनंतरच्या चहात साखर घालणे बंद करून ती वेगळ्या वाटीत ठेवली. बटाटेवड्यांच्या जागी उकडलेले हरभरे, काकडी व केळी आली. कुरकुर झाली, सहा महिन्यांनी थांबली. नाताळची करंजी कोणी बंद केली नाही, आणि मीही करू देणार नाही; ती बशीत एक असते, पूर्वी पाच असत. महाराष्ट्राबाहेरील वाचकांच्या अडचणी निराळ्या असतील. इंदूरच्या वाचकांपुढे पोहे-जिलेबी असेल, हैदराबादच्या वाचकांपुढे बिर्याणी. आपल्या गावचे राजान्न कोणते, हे प्रत्येक गटाने स्वतःच ओळखावे.

एक सूचना गंभीरपणे देतो. ज्यांस इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी एकाएकी आहार घटवू नये, आणि उपवास-प्रार्थनेच्या दिवशीही डॉक्टरांस विचारल्यावाचून उपाशी राहू नये. साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असल्यास आधी तपासणी, मग व्यायाम. गटातील एका तरी व्यक्तीने खिशात साखर किंवा ग्लुकोज बाळगावे.

माझा आकडा २०१९ साली ६.७ वर आला. २०२० च्या टाळेबंदीत तो पुन्हा ७.४ झाला, कारण फाटकाशी कोणी उभे राहू शकत नव्हते. मग काकांनी फोनवर सुरुवात केली: ते आपल्या गच्चीवर, मी माझ्या गच्चीवर, कानाशी फोन, अर्धा तास. गोळ्या मला आजही चालू आहेत. काकांचा गुडघा आता त्यांस फार चालू देत नाही. ते साडेपाचला मैदानावर येतात, बाकावर बसतात, आणि आमच्या फेऱ्या मोजतात. एखादी चुकवली तर त्यांच्या ध्यानात येते.