साय काढलेले दूध आणि वासराचे पोट

भांडेभर दूध पिऊनही एखादे वासरू खंगत जाते. असे का व्हावे? प्रश्न गोठ्यातला असला, तरी त्याच्या उत्तरासाठी थोडे भौतिकशास्त्र व थोडा हिशेब पुरतो.

दुधातील स्निग्धांश पाण्याहून हलका, म्हणून साय वर येते. १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल याने वेगाने फिरणारे साय काढण्याचे यंत्र बनविले. त्यात जड भाग कडेकडे जातो व हलकी साय मध्याशी राहते. डेन्मार्कमध्ये १८८२ पासून सहकारी लोणी-कारखाने निघाले. तेथील शेतकरी साय काढलेले दूध परत नेऊन वासरांना व डुकरांना पाजत.

या दुधात दुग्धमापक सोडा. तो अधिक वर तरंगतो! दुधाची घनता १.०३ च्या आसपास असते, ती आता सुमारे १.०३५ झालेली असते. म्हणजे दूध अधिक सकस झाले काय? नाही, त्यातील हलका भाग गेला, एवढेच.

आता हिशेब करू. गाईच्या एक लिटर दुधात साधारण ४० ग्रॅम स्निग्धांश, ३३ ग्रॅम प्रथिने व ४८ ग्रॅम दुग्धशर्करा असते. स्निग्धांशाच्या एका ग्रॅमपासून ९, तर इतर दोहोंपासून ४ उष्मांक मिळतात.

३६० + १३२ + १९२ = ६८४ उष्मांक

साय गेली की उरतात ३२४, म्हणजे निम्म्याहूनही कमी! सायीबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वेही जातात. प्रथिने व कॅल्शियम मात्र दुधातच राहतात.

म्हणून वासराला जन्मताच चीक पाजावा आणि नंतर काही आठवडे पूर्ण दूध द्यावे. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून साय काढलेले दूध हळूहळू वाढवावे व जोडीला भरडा आणि कोवळा चारा ठेवावा. उष्मांकांची तूट गूळ घालून भरू नये. उसाची साखर पचविणारे विकर लहान वासरात जवळजवळ नसते; त्यामुळे त्याला हगवण लागते, आणि शरीरातील पाणी कमी होऊन ते दगावूही शकते.

पनीरच्या निवळीत तर ९३ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ती लहान वासराला दुधाऐवजी देऊ नये.

शेवटी एक उदाहरण. ९° सेल्सिअसचे ३ लिटर साय काढलेले दूध ३९° तापमानाच्या वासराने प्याले. दुधाची विशिष्ट उष्णता पाण्याइतकी धरली, तर ते तापविण्यास ३ × ३० = ९० उष्मांक लागतील. दुधातून मिळणार ९७२. जवळजवळ दहावा हिस्सा ऊब देण्यातच गेला! मग दूध कोमट करूनच पाजावे, हे वेगळे सांगायला हवे का?