गळका नळ आणि आमची चुकलेली लाखाची गोष्ट
(इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून)

गणित म्हटले की आमच्यापैकी निम्म्या जणांच्या पोटात गोळा येतो. पर्यावरण म्हटले की निबंध, घोषवाक्ये आणि रांगोळी स्पर्धा आठवते. हे दोन विषय एकमेकांचे शेजारी आहेत, हे यंदा आम्हाला शाळेतल्या तीन गळक्या नळांनी शिकवले. ती हकीकत, त्यात झालेल्या चुकीसह, येथे देत आहोत.

गणिताच्या बाईंनी 'गुणोत्तर व एकके' हा भाग शिकवताना आम्हाला वर्गाबाहेर नेले. पाणी पिण्याच्या जागी तीन नळ थेंब थेंब गळत होते. प्रत्येकाखाली प्रयोगशाळेतले मोजपात्र पाच मिनिटे धरायचे आणि किती पाणी जमते ते लिहायचे, एवढेच काम. पहिल्या नळाचे ६० मिलिलिटर भरले, दुसऱ्याचे ४० आणि तिसऱ्याचे १००. एकूण २०० मिलिलिटर.

वर्गात येऊन आम्ही हिशेब मांडला. दिवसाची मिनिटे १,४४०. त्याला २०० ने गुणले, २८८ लिटर आले. ते ३६५ ने गुणले आणि आकडा पाहून वर्ग थक्क झाला : वर्षाला १,०५,१२० लिटर! आम्ही मोठ्या अक्षरांत फलक लिहिला, 'आपली शाळा दर वर्षी एक लाख लिटर पाणी वाया घालवते.' नळ दुरुस्तीचा अर्जही शाळा समितीकडे पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी फलकापाशी बराच वेळ उभी होती. मग ती हळूच म्हणाली, "ताई, पाणी पाच मिनिटांचे आहे ना? मग पाचाने भागलेच नाही की!"

तिचे बरोबर होते. पाच मिनिटांत २०० म्हणजे एका मिनिटात ४० मिलिलिटर. दिवसाचे ५७.६ लिटर आणि वर्षाचे २१,०२४ लिटर. आमचे उत्तर पाचपट फुगलेले होते.

त्या दिवशी वर्गात खरा वाद झाला. काहींचे म्हणणे होते, राहू द्या, लाखाचा आकडा वाचून नळ लवकर दुरुस्त होतील. उद्देश तर चांगलाच आहे. दुसरे म्हणाले, उद्या कोणी समिती सदस्य स्वतः मोजायला बसले तर आपल्या पुढच्या कोणत्याच आकड्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत. बाईंनी निर्णय आमच्यावर सोपवला. शेवटी आम्ही फलक उतरवला, नवा लिहिला आणि समितीला दुसरे पत्र पाठवले, 'आमच्या अर्जातील आकडा चुकला आहे, क्षमस्व.' ते पत्र लिहिताना लाज वाटली, पण लिहिल्यावर हलकेही वाटले. चांगल्या कामासाठी सांगितलेला खोटा आकडा हा खोटाच असतो.

शिवाय खरा आकडा काही लहान नाही. ५७.६ लिटर म्हणजे १५ लिटरच्या जवळजवळ चार बादल्या, रोज, रविवारी आणि रात्रीसुद्धा.

हे पाणी येते कोठून? आपल्या इंदूरला १९७८ सालापासून नर्मदेचे पाणी मिळते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून ते येते. देवी अहिल्याबाईंचे महेश्वर तेथून जवळच आहे. नदी खाली निमाडात आणि आपण वर माळव्याच्या पठारावर. उंचीतला फरक सुमारे ४०० मीटर. विज्ञानाच्या तासाला शिकलेले सूत्र येथे उपयोगी पडले : वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची.

१,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलोग्रॅम.
१,००० × ९.८ × ४०० = ३९,२०,००० ज्यूल.
विजेचे १ युनिट = ३६,००,००० ज्यूल.

म्हणजे हजार लिटर पाणी नुसते वर उचलायला एक युनिटहून थोडी अधिक वीज लागते. पंपातली तूट, नळातले घर्षण आणि मधला घाट धरला तर त्याहून जास्तच. थेंब गळतो तेव्हा पाण्याबरोबर वीजही गळते, हे आम्हाला कोणत्याही घोषवाक्याने सांगितले नव्हते.

पूर्वीचे गणिती मात्र निसर्गातच गणित पाहत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त भुंग्यांचा थवा आहे, मोर आणि साप आहे, वाऱ्याने कललेल्या कमळावरून सरोवराची खोली काढण्याचे उदाहरण आहे. आपल्या गावाजवळही तलाव आहेत. सिरपूर आणि यशवंतसागर यांना २०२२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. तेथे सहलीला गेलो तर कमळाचे गणित खरोखर करून पाहता येईल.

आता नळांचे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या पत्रानंतर समितीने माणूस पाठवला. दोन नळांना फक्त नवे वॉशर लागले, तिसरा नळ बदलावा लागला. आम्ही पुन्हा मोजपात्र धरले. पाच मिनिटांत शून्य. गणितात शून्य मिळाल्याचा इतका आनंद आम्हाला प्रथमच झाला.

विश्वस्तांना एक नम्र विनंती. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपल्या मागच्या इमारतीचे छत आम्ही मोजले : २० मीटर लांब, ९ मीटर रुंद, म्हणजे १८० चौरस मीटर. २५ मिलिमीटरच्या एका पावसात त्यावर ४,५०० लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ३,६०० लिटर उरते. आज ते सारे गटारात जाते. ते बोअरवेलजवळच्या खड्ड्यात मुरवता येईल का, याचा विचार व्हावा. आकडे या वेळी सातवीच्या वर्गाकडून तपासून घेतले आहेत.

आणि बालमित्रांनो, घरी एवढे करा. गळणाऱ्या नळाखाली वाटी ठेवा, घड्याळ लावा, मोजा. किती मिनिटे मोजले ते आधी लिहून ठेवा. ते विसरले की काय होते, हे आम्ही सांगितलेच आहे.