मानसशास्त्रात बी.ए. करायचंय? मग असं करा

बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचं म्हणणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या मनात समुपदेशनाची खोली असते. दोन खुर्च्या, हळू आवाज, समोर मन मोकळं करणारं कुणीतरी. त्या खोलीपर्यंत पोचायला पदवीनंतर आणखी काही वर्षं शिकावं लागतं. पदवीच्या काळात पुढ्यात येतात ती संख्याशास्त्राची सूत्रं, मेंदूच्या आकृत्या आणि प्रयोगवही. हे आधीच ठाऊक असेल तर निराशा टळते आणि ही वर्षं नीट वापरता येतात.

प्रवेशाआधी

कला, वाणिज्य, विज्ञान यांतल्या कुठल्याही शाखेतून येता येतं. कॉलेज निवडताना एकच गोष्ट बारकाईने पाहा: तिथे मानसशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून आहे का? काही ठिकाणी तो नुसता जोडविषय असतो. मग प्रयोगशाळा दाखवायला सांगा. चाचण्यांचं कपाट मुलांसाठी उघडतं की नाही, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

नोकरी सांभाळून घरबसल्या मानसशास्त्राची पदवी घेण्याचा विचार असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं थांबवायला सांगितलं आहे, हे लक्षात घ्या. आरोग्यसेवेशी जोडलेल्या विषयांना प्रत्यक्ष सराव हवा, ही त्यामागची भूमिका मला पटते.

पहिलं वर्ष

दोन कामं सुरुवातीपासून करा. एक, मेंदू आणि चेतासंस्था टाळू नका. कला शाखेतल्या मुलांना हे प्रकरण परकं वाटतं आणि ती पाठांतरावर निभावून नेतात. पुढे औषधं घेणाऱ्या रुग्णाशी बोलताना किंवा पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला भेटताना हेच प्रकरण आठवावं लागतं.

दोन, संख्याशास्त्र हाताने करा. वर्गातल्या वीस जणांना काल किती तास झोपलात ते विचारा. त्या आकड्यांचं मध्यमान काढा, प्रमाण विचलन काढा. मग त्याच मुलांचा मोबाइलवरचा वेळ विचारून दोन्हींचा सहसंबंध काढा. सहसंबंध मिळाला म्हणजे कारण सापडलं असं नाही, हे पुस्तकात वाचून जितकं कळतं त्याच्या कितीतरी पट स्वतःच्या आकड्यांवरून कळतं. कॉम्प्युटरवर नंतर जा.

प्रयोग कसा करायचा

पदवीचा खरा गाभा इथे आहे. म्यूलर-लायरची बाणांची पट्टी, आरशात पाहून तारा गिरवणं, निरर्थक शब्द पाठ करणं हे प्रयोग पिढ्यान्पिढ्या चालत आलेत आणि मागच्या वर्षाची वही उतरवून काढण्याची प्रथाही तितकीच जुनी आहे. तसं करू नका. एक तरी प्रयोग मुळापासून स्वतः उभा करा. मी स्ट्रूपचा सुचवीन. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला रंगीत पेन, पुठ्ठा व स्टॉपवॉच एवढंच लागतं.

दोन कार्डं तयार करा. पहिल्यावर लाल, निळा, हिरवा, पिवळा अशा रंगांचे चाळीस चौकोन, क्रम सरमिसळ. दुसऱ्यावर याच रंगांची नावं देवनागरीत, पण प्रत्येक नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत, ‘हिरवा’ पिवळ्या शाईत. एकच रंग लागोपाठ दोनदा येऊ देऊ नका. अक्षरांची उंची आणि चौकोनांची उंची सारखी ठेवा.

प्रयोज्यांना, म्हणजे प्रयोगात भाग घेणाऱ्यांना, एकेकटंच बोलवा. बाकीचे बाहेर थांबू देत, नाहीतर ते ऐकून शिकतात. काय करायचं आहे ते सांगा, संमती घ्या, मध्येच थांबायची मुभा आहे हेही सांगा. रंग ओळखण्यात अडचण नाही ना, हे आधी पडताळा. सूचना लिहून ठेवा आणि प्रत्येकाला त्याच शब्दांत वाचून दाखवा: “शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा, शक्य तितक्या लवकर आणि न चुकता.” चार-पाच शब्दांचा सराव द्या. निम्म्या प्रयोज्यांना चौकोनांचं कार्ड आधी द्या, निम्म्यांना शब्दांचं, म्हणजे सरावाचा फायदा किंवा थकव्याचा तोटा एकाच कार्डाच्या वाट्याला येत नाही. वेळ सेकंदांत नोंदवा, चुका वेगळ्या मोजा.

संपल्यावर काय जाणवलं ते प्रयोज्याच्याच शब्दांत लिहून घ्या. हा आत्मनिरीक्षण अहवाल मुलं बहुधा एका ओळीत उरकतात. त्याला निदान पाच मिनिटं द्या. कोण कुठे अडखळलं, कुणी डोळे बारीक करून अक्षरं पुसट करायचा प्रयत्न केला, हे तिथेच समजतं. शेवटी प्रत्येकाच्या दोन वेळांतला फरक काढा आणि एकाच गटाच्या दोन मापनांसाठी असलेली टी-चाचणी लावा.

आता खरी गंमत. तिसरं कार्ड करा, तेच शब्द इंग्रजीत लिहून. शब्दांच्या कार्डावर शाईचा रंग सांगताना अडथळा मुळात येतो तो वाचन आपोआप होतं म्हणून. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या प्रयोज्यांची तुलना करा: ज्या लिपीत वाचायचा सराव जास्त, तिथे अडथळा जास्त मिळायला हवा. मिळतो का पाहा. नाही मिळाला तर तसंच लिहा आणि का मिळाला नसेल याचा विचार मांडा. गृहीतकाला सोयीचे आकडे करून लिहायची सवय एकदा लागली, की पुढे माणसांच्या बाबतीतही तेच होतं.

आजारांची नावं शिकताना

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की घरचे, मैत्रिणी, स्वतः, सगळेच त्या यादीत दिसू लागतात. या काळात कुणालाही निदान सांगायचं नाही, गमतीतही नाही. “तुला डिप्रेशन आहे” हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडून आलं तरी ऐकणाऱ्याच्या मनात राहतं. मित्र त्रासात असेल तर ऐकून घ्या, सोबत थांबा आणि १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक द्या. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी मोफत सेवा मराठीतही मिळते. जिवाला धोका वाटला तर गुप्ततेचं वचन बाजूला ठेवून मोठ्या माणसाला सांगायचं.

बाहेर पडा

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्प आले आहेत. ते नुसत्या सहीवर भागवू नका. विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम यांपैकी एका ठिकाणी आठवड्यातून एक दिवस सलग काही महिने जा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आणि पुण्यातली ज्ञानप्रबोधिनी या दोन्ही संस्थांमध्ये मानसशास्त्र मराठीतून लोकांपर्यंत कसं नेतात ते पाहायला मिळतं. तिथे गेलात की बोला कमी, टिपणं जास्त करा. टिपणात खरी नावं लिहू नका.

शेवटचं वर्ष: चाचण्या

वि. वि. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. बिने-कामत म्हणून ती आजही ओळखली जाते. चाचणी हाताळताना माहितीपुस्तिकेतली प्रमाणकं कोणत्या गटावर काढली आणि कधी, हे प्रथम वाचा. शहरी मुलांवर काढलेल्या प्रमाणकांनी पाड्यावरच्या मुलाला मंद ठरवणं हा अन्याय आहे आणि तो एका आकड्याने होतो.

पुढचे रस्ते

रुग्णांवर उपचार करायचे असतील तर नुसतं एम.ए. पुरेसं नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वसन परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. आजवर तो मार्ग मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता, बंगळूरचं निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही त्यातली मोठी ठिकाणं. एम.फिल. ही पदवीच विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद केली आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंतच सवलत दिली. त्यामुळे मोठ्या बहिणीने काय केलं यावर विसंबू नका. तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षीची आरसीआयची यादी स्वतः पाहा, त्यात संस्थेचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव दोन्ही जुळलं पाहिजे. सहा आठवड्यांत ‘थेरपिस्ट’ करणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका.

समुपदेशनासाठी एम.ए. आणि देखरेखीखालचा सराव हवा. शाळा, कुटुंब न्यायालयं, एचआयव्ही तपासणी केंद्रं इथे समुपदेशकांची पदं असतात. शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं.

पदवीवरच थांबायचं असेल तरी दारं बंद नाहीत. मनुष्यबळ विभाग, बाजार संशोधन, ॲप वापरणाऱ्यांच्या अडचणी शोधणारी कामं, सामाजिक संस्थांची सर्वेक्षणं इथे नीट प्रश्न विचारता येणारी आणि उत्तरांचे आकडे मांडता येणारी माणसं लागतात. अशा मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेसोबत तो स्ट्रूपचा प्रयोग न्या, चुकलेल्या गृहीतकासकट, आणि तो पाच मिनिटांत समजावून सांगायची तयारी ठेवा.